कसणाऱ्याचे नाव : अमेरिकेतील लॅटिनो शेतकऱ्यांच्या अभ्यासाला प्रस्तावना

अमेरिकेत पिकांवर राबणाऱ्या दर चार मजुरांमागे तिघे लॅटिनो असतात आणि त्यांतले बहुतेक मेक्सिकोत जन्मलेले असतात. कॅलिफोर्नियातली स्ट्रॉबेरी, वॉशिंग्टनमधली सफरचंदे, फ्लोरिडातले टोमॅटो हेच लोक खुडतात. त्याच देशाच्या २०२२ च्या कृषी गणनेत शेतकरी म्हणून नोंदल्या गेलेल्या सुमारे ३३ लाख ७० हजार लोकांत हिस्पॅनिक वंशाचे भरले जेमतेम १ लाख १२ हजार, म्हणजे शेकडा ३.३. एकूण लोकसंख्येत त्यांचा वाटा १९ टक्क्यांच्या आसपास आहे. ज्यांना शेती येते त्यांच्याकडे शेत का नाही, आणि ज्यांच्याकडे होते त्यांचे कुठे गेले, या दोन प्रश्नांभोवती गेल्या काही दशकांत एक अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. त्यात इतिहासकार आहेत, वकील आहेत, मानववंशशास्त्रज्ञ आहेत, मृदाशास्त्र शिकलेले आहेत आणि स्वतः शेती करता करता लिहू लागलेलेही आहेत. मराठी वाचकाला या क्षेत्राच्या दारातून आत नेणे, एवढेच या प्रस्तावनेचे काम.

आत शिरताना एक गैरसमज बाहेर ठेवावा. लॅटिनो शेतकरी म्हणजे सीमा ओलांडून आलेला, मजुरीतून वर चढलेला माणूस, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. न्यू मेक्सिको आणि दक्षिण कोलोराडोत अशी शेतकरी कुटुंबे आहेत ज्यांनी कोणतीच सीमा ओलांडली नाही. १८४८ साली सीमाच त्यांच्या शेतांवरून दक्षिणेकडे सरकली. प्वेर्तो रिकोचे शेतकरी १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, तरी त्यांची कृषी गणना वेगळी होते आणि देशाच्या चर्चेत ते क्वचितच येतात. २०१७ च्या मारिया वादळाने या बेटावरची केळी आणि कॉफीची झाडे आडवी केली, तेव्हा चार दिवस त्यांची आठवण निघाली. टेक्सासात पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाळणारी घराणी आहेत. या सगळ्यांना एकाच रकान्यात बसवणारी गणना त्यांच्या अडचणींबद्दल फारच थोडे सांगते.

न्यू मेक्सिकोपासून सुरुवात करावी, कारण तिथे प्रश्नाची मुळे सर्वांत उघडी दिसतात. स्पॅनिश आणि नंतर मेक्सिकन राजवटीने वस्त्यांना जमिनी दिल्या होत्या. प्रत्येक कुटुंबाला नदीकाठी ओलिताचा अरुंद पट्टा आणि मागे डोंगरापर्यंत गावाची सामाईक जमीन, अशी ती रचना. चराई, सरपण, लाकूड सगळे त्या सामाईक जमिनीवर. १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहाने हा मुलूख अमेरिकेकडे आला. अशा जमिनींना स्पष्ट हमी देणारे तहातले दहावे कलम अमेरिकन सिनेटने मंजुरी देताना गाळून टाकले. पुढे १८९१ ते १९०४ या काळात दावे तपासायला खास न्यायालय बसले. सान मिगेल देल वादो या गावाचा दावा ३ लाख १५ हजार एकरांचा होता. १८९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमीन गावाची नव्हतीच, राजसत्तेची होती, असे ठरवले आणि गावाच्या हाती सुमारे ५ हजार एकर उरले. बाकीची संघराज्य सरकारकडे गेली. आज न्यू मेक्सिकोत सरकारी जंगलात चराईचा परवाना मागणाऱ्या पशुपालकाला आपण आजोबांच्या जमिनीवर भाडे भरतो आहोत असे वाटते, ते भावनेपोटी नव्हे. १९६७ साली जमीनहक्क चळवळीचे नेते रेईस लोपेस तिहेरिना यांच्या साथीदारांनी तिएरा अमारिया गावच्या न्यायालयावर सशस्त्र चाल केली, तिच्या मागे हीच तक्रार होती. मार्ग चुकीचा होता, तक्रार खोटी नव्हती, असे माझे मत आहे.

जमीन गेली तरी पाणी राहिले. न्यू मेक्सिकोत आजही सुमारे सातशे ‘आसेकिया’ वाहतात. नदीवर छोटा बंधारा घालून काढलेले, उताराने वाहणारे मातीचे पाट. प्रत्येक पाटाचे हक्कदार दर वसंतात एकत्र येऊन गाळ काढतात आणि आपल्यातून एक ‘मायोर्दोमो’ निवडतात. पाणी कोणी, कधी, किती घ्यायचे हे तो ठरवतो, आणि टंचाई आली तर सगळ्यांचेच थोडे थोडे कमी होते. धुळे जिल्ह्यात पांझरेवरची फड पद्धत आणि तिथले पाटकरी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजवायला नको. अमेरिकन पश्चिमेचा पाणीकायदा मात्र याच्या उलट चालतो. ज्याने आधी पाणी वळवले त्याचा हक्क आधी पूर्ण होतो, उरले तर पुढच्याला, आणि हा हक्क जमिनीपासून सोडवून विकताही येतो. शहरे वाढली तसे पाणी खरेदी करणारे आले. एकेका घराने हक्क विकला तरी पाटाची निगा राखणारे हात कमी होतात, आणि काही वर्षांत पाटच बुजतो. २००३ साली न्यू मेक्सिकोने कायदा करून असे हस्तांतर मान्य किंवा अमान्य करण्याचा अधिकार पाटांच्या संघटनांना दिला. या विषयावरचे उत्तम कायदे कसे असतात त्याचा हा नमुना आहे. नवी योजना नाही, अनुदान नाही. जी संस्था आधीपासून काम करते आहे तिच्या निर्णयाला कायद्याने बळ मिळाले.

याच भागाने २०२२ च्या वसंतात मोठी आपत्ती पाहिली. वणव्याचा धोका कमी करण्यासाठी वनखात्याने मुद्दाम लावलेल्या दोन आगी आवरेनात, त्या एकत्र झाल्या आणि मोरा व सान मिगेल काउंटीतली ३ लाख ४१ हजार एकरांहून अधिक जमीन भस्मसात झाली. राज्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी आग. नंतरच्या पावसात डोंगरांवरची राख आणि गाळ खाली उतरून पाटांत बसला. चूक सरकारची होती हे सरकारने मान्य केले, अमेरिकन काँग्रेसने भरपाईसाठी एकूण सुमारे ५.४५ अब्ज डॉलर मंजूर केले. पण भरपाई मागायची तर मालकी दाखवावी लागते, आणि इथल्या कित्येक जमिनी पणजोबाच्या नावावर, वाटण्या न होता, भावंडांत सामाईक चालत आलेल्या आहेत. वारसनोंदीचे घोळ आपल्याकडच्या तलाठी कार्यालयाने पाहिले आहेत तसेच तिथेही आहेत.

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. इथली गोष्ट मजुरीतून सुरू होते. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो कराराखाली मेक्सिकोतून पुरुष मजूर आणले गेले. चाळीस लाखांहून अधिक करार झाले. करार संपल्यावर आणि मजुरांच्या संघटना बळावल्यावर मध्य किनाऱ्यावरच्या स्ट्रॉबेरी मळेवाल्यांनी एक जुनी रीत पुन्हा काढली. आधीच्या मजुरालाच तीन-चार एकरांचा तुकडा द्यायचा, रोपे आणि औषधे द्यायची, माल आपणच विकायचा आणि उत्पन्न वाटून घ्यायचे. अशा वाटेकऱ्याला तिथे ‘मेदिएरो’ म्हणतात. कागदावर तो स्वतंत्र शेतकरी झाला. म्हणजे त्याच्या मजुरांचे वेतन, विमा, कर हे सगळे त्याच्या गळ्यात. कधी, काय, कसे लावायचे हे मात्र मळेवालाच सांगणार. मिरियम वेल्स यांच्या १९९६ च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ या ग्रंथाचा हाच विषय आहे. आधुनिक, भांडवली, विद्यापीठाच्या संशोधनावर चालणाऱ्या शेतीत वाटेकरी पद्धत दिसते ती मागासलेपणामुळे नव्हे, तर मजूर कायदा चुकवण्यासाठी ती परत आणली गेली म्हणून, हे त्यांनी तपशिलाने मांडले. आपल्या महाबळेश्वरच्या वाफ्यांत कॅलिफोर्नियात तयार झालेल्या कामारोसासारख्या जाती लागतात. त्या जातींमागची ही माणसे मात्र आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

न्यायालयांनी या पद्धतीची तपासणी केली. १९८९ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने गिलरॉय इथल्या काकडीच्या वाटेकऱ्यांबाबत निकाल दिला, की करारावर काहीही छापलेले असो, हे लोक मजूरच आहेत आणि त्यांना मजुरांचे संरक्षण मिळाले पाहिजे. निकाल न्याय्य होता. पण त्याने एक अवघड प्रश्नही पुढे ठेवला, ज्यावर या क्षेत्रात अजून वाद चालतो. वाटेकरी असणे ही फसवणूक होती हे खरे. तीच अनेकांसाठी स्वतःच्या शेतीकडे जाणारी एकमेव पायरीही होती. पायरी काढून घेतली तर दुसरी कोणी बांधायची?

काही संस्थांनी ती बांधायचा प्रयत्न केला. सलिनासजवळची आल्बा ही संस्था २००१ पासून माजी शेतमजुरांना स्पॅनिशमधून सेंद्रिय शेती, हिशेब आणि परवाने शिकवते, आणि नंतर आपल्याच जमिनीतला अर्धा एकर सवलतीच्या खंडाने देते. जमेल तसा तुकडा वाढत जातो. वॉशिंग्टनच्या स्कॅजिट खोऱ्यातली व्हिवा फार्म्स ही संस्था २००९ पासून साधारण असेच काम करते. ही कामे मोलाची आहेत. तरीही माझे मत सरळ सांगतो: देणग्या आणि सरकारी निधी प्रशिक्षणावर गरजेपेक्षा जास्त जातो आणि जमिनीवर फार कमी. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरात मका, वाल, भोपळा एकत्र घेत वाढलेल्या आणि पुढे दहा-वीस वर्षे सलिनासच्या शेतांत राबलेल्या माणसाला रोप कधी लावायचे हे शिकवावे लागत नाही. त्याला लागते ती दहा वर्षांच्या लेखी कराराची जमीन. संस्थेची मुदत संपवून तो बाहेर पडतो तेव्हा त्याच बाजारात उभा राहतो जिथे मोठ्या कंपन्या त्याच खोऱ्यातल्या जमिनीसाठी एकरी हजारो डॉलर खंड मोजतात. त्याच्या वाट्याला येते ती उतारावरची, पूररेषेतली किंवा विहीर नसलेली जमीन, तीही वर्षावर्षाच्या बोलीने.

याचा अर्थ २०२३ च्या मार्चमध्ये दिसला. कॅलिफोर्नियातल्या पाहारो नदीचा काठचा बांध फुटला, काठावरचे गाव पाण्याखाली गेले आणि स्ट्रॉबेरीचे मळे बुडाले. पुराच्या पाण्याचा स्पर्श झालेले फळ विकता येत नाही. अशा वेळी मोठ्या मळेवाल्याकडे विमा असतो. लहान शेतकऱ्याने वीस प्रकारची भाजी लावलेली असते, आणि पीकविमा एकेका पिकासाठी रचलेला असतो. संपूर्ण शेताच्या उत्पन्नाचा विमा २०१५ पासून मिळतो खरा, पण त्यासाठी आधीच्या अनेक वर्षांची करविवरणपत्रे लागतात. रोखीत व्यवहार करणाऱ्या, वहीच्या मागच्या पानावर हिशेब ठेवणाऱ्या माणसाकडे ती कुठून येणार? लॉरा-ॲन मिंकॉफ-झर्न यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात यावर नेमके बोट ठेवले आहे. सरकारी मदतीची रचना एकपिकी, कागदपत्री शेती डोळ्यांपुढे ठेवून झाली आहे, आणि या शेतकऱ्यांची रीतच त्या रचनेला दिसत नाही. कर्जाचेही तसेच. सरकारी शेतीकर्जाला नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना हवा. जमीन घेण्याच्या कर्जाला शेताचा कारभार पाहिल्याचा पुरावा हवा, नुसते राबणे मोजत नाहीत. २०१३ साली लहान कर्जांची योजना आली, मर्यादा आधी ३५ हजार आणि पुढे ५० हजार डॉलर, कागद कमी, अनुभवाच्या अटी सैल. तिचा उपयोग झाला, पण कॅलिफोर्नियात एवढ्या पैशांत जमीन येत नाही, फार तर जुना ट्रॅक्टर आणि ठिबकच्या नळ्या येतात.

मराठी वाचकाच्या मनात इथे कूळकायदा येईल. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला कसणारे कूळ मालक मानले गेले, आणि त्या धाकाने पुढे मालकांनी लेखी करार करणेच सोडले, हे आपण जाणतो. तोंडी बोलीने जमीन कसणाऱ्याला आपल्याकडेही पीककर्ज मिळत नाही. अमेरिकेत कूळकायदा कधी आलाच नाही, तरी तोंडी करार तिथेही सर्रास आहेत. दोन उलट वाटांनी आलेले दोन समाज एकाच जागी कसे पोचले, हा तौलनिक अभ्यास अजून कोणी नीट केलेला दिसत नाही. तो मराठी संशोधकाने करावा.

भेदभावाचा न्यायालयीन इतिहास हा या क्षेत्राचा सर्वांत कोरडा आणि सर्वांत बोलका भाग आहे. अमेरिकेत शेतीकर्जांचे निर्णय दीर्घकाळ काउंटी पातळीवर, स्थानिक शेतकऱ्यांनी निवडलेल्या समित्यांच्या प्रभावाखाली होत. कर्ज पेरणीनंतर मिळणे, अर्ज हरवणे, स्पॅनिश बोलणाऱ्याला नंतर या म्हणणे, अशा तक्रारी होत्या. त्या तपासणारा कृषी खात्याचा विभाग रेगन यांच्या काळात मोडीत निघाला आणि तक्रारी फाइलींत पडून राहिल्या. १९९७ साली खात्याच्याच अहवालाने हे मान्य केले. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा ‘पिगफर्ड’ खटला न्यायालयाने सामूहिक म्हणून स्वीकारला आणि १९९९ साली तडजोड झाली. मूळ अमेरिकनांच्या ‘कीप्सईगल’ खटल्यात २०१० साली ७६ कोटी डॉलरांची तडजोड झाली. हिस्पॅनिक शेतकऱ्यांनी २००० साली दाखल केलेला ‘गार्सिया’ खटला मात्र सामूहिक म्हणून स्वीकारलाच गेला नाही. वेगवेगळ्या काउंट्यांतल्या वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी आपापल्या मर्जीने निर्णय घेतले, म्हणून सर्वांचा प्रश्न एक नाही, असे कारण दिले गेले. २००६ साली वरच्या न्यायालयाने ते उचलून धरले, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ऐकण्यास नकार दिला. मर्जीचा कारभार हीच तक्रार होती आणि मर्जीचा कारभार हेच ती न ऐकण्याचे कारण ठरले. नंतर सरकारने हिस्पॅनिक आणि स्त्री शेतकऱ्यांसाठी किमान १.३३ अब्ज डॉलर राखून दाव्यांची ऐच्छिक प्रक्रिया उघडली. बहुसंख्य दावे कागदांअभावी किंवा निकषांत न बसल्याने फेटाळले गेले.

पुढची वळणे वेगाने आली. २०२१ च्या मदत कायद्यात वंशाच्या आधारे कर्जमाफी होती. गोऱ्या शेतकऱ्यांच्या खटल्यांनी ती अडली आणि २०२२ साली काँग्रेसने ती रद्द केली. तिच्या जागी भेदभाव सोसलेल्या कोणाही शेतकऱ्यासाठी निधी आला आणि २०२४ साली ४३ हजारांहून अधिक जणांना मिळून सुमारे २ अब्ज डॉलर वाटले गेले. २०२५ च्या मार्चमध्ये अन्नपेढ्या आणि शाळांसाठी स्थानिक माल घेण्याचे सुमारे एक अब्ज डॉलरचे कार्यक्रम थांबले. अनेक लहान शेतकऱ्यांचे खात्रीचे गिऱ्हाईक तेच होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा काउंटीच्या शेतांवर स्थलांतर खात्याच्या धाडी पडल्या आणि जुलैमध्ये कृषी खात्याने वंश आणि लिंगावर आधारलेला ‘सामाजिकदृष्ट्या वंचित शेतकरी’ हा निकष वापरणे बंद केले.

मग आधार द्यायचा कसा? वंशाचा रकाना नसला तरी करता येण्यासारखे पुष्कळ आहे, आणि जे टिकले ते त्याच वाटेने आले. २०१८ च्या शेती कायद्याने आसेकियांना जलसंधारणाच्या निधीसाठी संस्था म्हणून पात्र ठरवले. त्यात कोणाच्या वंशाचा उल्लेख लागला नाही, पाटाचा लागला. त्याच धर्तीवर मिश्र पिकांचा विमा सोप्या नोंदींवर देता येईल. संवर्धन न्यासांनी घेतलेल्या जमिनी दीर्घ मुदतीच्या लेखी खंडाने देता येतील. शेतमजुरीची वर्षे अनुभव म्हणून मोजता येतील. अर्ज स्पॅनिशमध्ये छापून काम संपत नाही, कारण सलिनासच्या शेतांत मिश्तेक आणि त्रिकी बोलणारी माणसे आहेत, ज्यांना स्पॅनिश दुसरी भाषा आहे आणि कित्येकांना ती वाचता येत नाही. खिडकीवर बोलणारा माणूस लागतो.

मराठी माणसाला हा विषय अगदी परका नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत कृषिशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले आणि भटकंतीनंतर १९२४ पासून मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात घेतले. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात १९१३ च्या परकीय जमीनकायद्याने आणि भारतीयांना नागरिकत्व नाकारणाऱ्या १९२३ च्या थिंड निकालाने अडवले गेलेल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. त्या कुटुंबांचा इतिहास कॅरन लिओनर्ड यांनी १९९२ साली लिहिला. जमीन कोणाच्या नावावर ठेवायची, हाच त्याही घरांतला रोजचा पेच होता.

नव्या वाचकाने वेल्स यांच्यापासून सुरुवात करावी, मग मिंकॉफ-झर्न वाचावे. पाण्यासाठी होसे रिव्हेरा यांचे १९९८ चे आणि सिल्व्हिया रोद्रीगेस यांचे २००६ चे पुस्तक घ्यावे. ‘गार्सिया’चा २००६ चा निकाल मुळातून वाचावा, तो फार मोठा नाही. आणि पुढे अभ्यास करायचा ठरला, तर आधी स्पॅनिश शिका. या शेतकऱ्यांच्या मुलाखती दुभाष्यामार्फत घेतलेल्या पुष्कळ झाल्या आहेत, आणखी एकीची गरज नाही.